क्वालिटी सर्कल सुरू करताय? मशिन शॉपमधल्या नव्या को-ऑर्डिनेटरसाठी पायऱ्या

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, सुरुवात बहुतेक सारखीच असते. ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये ‘कामगारांचा सहभाग’ या रकान्यात कमी गुण पडतात. आठवड्याभरात वरून निरोप येतो की आपल्याकडे क्वालिटी सर्कल सुरू करा, आणि ते काम एखाद्या तरुण सुपरवायझरच्या किंवा एचआरमधल्या नव्या माणसाच्या अंगावर पडतं. हा लेख त्या माणसासाठी आहे. मी ऑटो पार्ट्सच्या मशिन शॉपमध्ये लाइन सुपरवायझर होतो, पुढे सर्कलचा को-ऑर्डिनेटर झालो. त्या वेळी कोणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं ज्याबद्दल वाटतं तेवढंच इथे लिहितो.

थोडी पार्श्वभूमी. ही पद्धत १९६२ मध्ये जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने सुरू झाली. भारतात ती १९८० च्या सुमारास हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम इथल्या भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यात एस. आर. उडुपा यांनी आणली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. कल्पना साधी आहे. एकाच ठिकाणी काम करणारी सहा ते दहा माणसं स्वेच्छेने एकत्र येतात, दर आठवड्याला तासभर बसतात, आपल्याच कामातली एक अडचण निवडतात आणि तिच्या मुळाशी जातात.

माझ्या अनुभवात सर्कल दोन गोष्टींवर टिकतं. कामगाराला कोणालाही न विचारता काय करता येईल, हे लेखी असलं पाहिजे. आणि त्याने मांडलेल्या प्रत्येक मुद्द्याला ठरलेल्या तारखेच्या आत उत्तर मिळालं पाहिजे. या दोन्ही नसतील तर बॅनर, टी-शर्ट, शपथ यांवर खर्च करू नका.

हाताशी काय हवं

• सुरुवातीचं परिपत्रक, मराठीत आणि हिंदीत. आपल्या शॉप फ्लोअरवर मराठवाडा-विदर्भातली मुलं असतात तशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातलीही असतात.
• सदस्यांची नोंद आणि बैठकीची वही. हजेरी, ठरलेलं काम, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे चार रकाने पुरतात.
• अधिकारांचा तक्ता (पायरी ५ पाहा).
• सूचनांची नोंदवही आणि तीच माहिती दाखवणारा फळा.
• चेकशीट, आलेख कागद, रंगीत पेनं. संगणक नंतर.
• फोटो काढायची परवानगी. बऱ्याच कारखान्यांत मोबाइल गेटवर जमा होतात, त्यामुळे एक कॅमेरा किंवा एक ठरलेला फोन सिक्युरिटीकडून लेखी मंजूर करून घ्या. ‘आधी’चा फोटो राहून गेला तर तो परत मिळत नाही.
• ४एम बदलाचा फॉर्म, म्हणजे माणूस, मशिन, माल, पद्धत यांत काही बदललं की भरायचा. तुमच्या क्वालिटी विभागाकडे असतोच.

१. आधी मॅनेजमेंटकडून चार गोष्टी लेखी घ्या

पहिली, वेळ. बैठक शिफ्टमध्ये होणार का शिफ्ट संपल्यावर? शिफ्टनंतर असेल तर तो कामाचाच वेळ आहे. ओव्हरटाइम लागू होत असेल तर कायद्याने तो दुप्पट दराने द्यावा लागतो. ‘स्वेच्छेने थांबलेत, पैसे कसले’ हे वाक्य ज्या कारखान्यात ऐकू येतं तिथे महिन्याभरात खुर्च्या रिकाम्या दिसतात. बस सुटण्याच्या वेळेचाही विचार करा. कंपनीची बस साडेतीनला निघत असेल तर तीन वाजता सुरू झालेल्या बैठकीत सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असणार.

दुसरी, नोकरीची हमी. सर्कलने सुचवलेल्या सुधारणेमुळे कोणाचंही काम जाणार नाही, मोकळा झालेला माणूस दुसऱ्या कामावर घेतला जाईल, हे प्लांट हेडच्या सहीने हवं. याला पर्याय नाही. तीन माणसांचं काम दोघांत होईल अशी युक्ती एखाद्या गटाने शोधावी आणि पुढच्या महिन्यात तिसऱ्या कंत्राटी पोराला गेटवरून परत पाठवावं, एवढं एकदा घडलं की त्या शॉपमध्ये पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. उघडूही नये.

तिसरी, पैसे. सर्कलला दर महिन्याला किती रक्कम पर्चेसकडे न जाता वापरता येईल ते ठरवा. रक्कम छोटी चालेल, ती सर्कलच्या हातात असणं महत्त्वाचं. रबर शीट, रंग, पट्टी, दोन कप्प्यांचा ट्रे एवढ्यासाठी तीन सह्यांचा इंडेंट (खरेदीचा मागणी अर्ज) लागत असेल तर माणसं कंटाळतात.

चौथी, सूचनांना उत्तर देण्याची मुदत. त्याबद्दल पायरी ८ मध्ये.

२. युनियनशी आधी बोला, नंतर नाही

नोटीस लागायच्या आधी युनियनच्या कमिटीला भेटा. युनियन नसेल तर ज्यांचं लोक ऐकतात अशा जुन्या कामगारांना भेटा. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “हे आम्हाला बाजूला सारण्यासाठी तर नाही ना?” प्रश्न रास्त आहे, कारण काही ठिकाणी तसं झालंय. म्हणून हद्द स्पष्ट लिहून द्या. पगार, बोनस, बढती, शिस्तीची कारवाई हे विषय सर्कलमध्ये येणार नाहीत. ते युनियनचे आणि कायद्याने नेमलेल्या समित्यांचे.

त्या समित्या कोणत्या, हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. संविधानातल्या कलम ४३-अ मध्ये, जे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलं, उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचं धोरण म्हणून सांगितलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० नुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती लागते. मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने, एकूण सदस्य जास्तीत जास्त दहा, अध्यक्षपद आलटून पालटून, आणि महिलांचं प्रतिनिधित्व एकूण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नको. १०० किंवा अधिक कामगार असतील तर सरकारच्या आदेशाने वर्क्स कमिटीही नेमावी लागू शकते. सर्कल यांपैकी कशाचीच जागा घेऊ शकत नाही. एखाद्या बैठकीत पगाराचा किंवा सुपरवायझरच्या वागण्याचा विषय निघालाच तर तो दाबू नका. वहीत नोंद करा, योग्य समितीकडे पाठवा आणि पाठवला हे पुढच्या बैठकीत सांगा.

३. सुपरवायझरची भीती ओळखा

विरोध वरून येईल असं वाटतं, पण तो बहुतेक मधून येतो. ज्या सुपरवायझरने पंधरा वर्षं ‘मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही’ या एका वाक्यावर लाइन चालवली, त्याला तुम्ही सांगताय की आता पोरं स्वतः मशिन थांबवतील. त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो त्या तासाच्या प्रॉडक्शनचा. कमी पडलं तर संध्याकाळी शिव्या त्यालाच बसणार आहेत.

त्याला भाषण देऊन उपयोग नाही. त्याच्या मोजमापात बदल करून घ्या. कामगाराने अधिकारात राहून मशिन थांबवलं असेल तर तो वेळ सुपरवायझरच्या नावावर पडणार नाही, हे प्रॉडक्शन मॅनेजरकडून त्याच्यासमोर वदवून घ्या. सर्कलच्या मुद्द्यांना उत्तर मिळवून देणं हे त्याच्या कामात धरा. आणि त्याला सर्कलचा लीडर करू नका. लीडर गटानेच निवडावा. साहेब खुर्चीत बसले की बाकीचे सहा जण ‘हो सर’ म्हणायला बसतात.

४. पहिला गट छोटा आणि खरा असू द्या

एकच सेल निवडा. ज्या कामाची सगळ्यांना रोज झळ बसते तिथूनच सुरुवात करा. नावं मागवा, नेमू नका. दोन-तीन बोलकी माणसं आपणहून येतील. गप्प माणसाला मात्र जाऊन विचारावं लागतं: “मामा, तुम्ही या मशिनवर सगळ्यात जुने. बसाल का आमच्यासोबत?”

तिन्ही शिफ्टचं प्रतिनिधित्व हवं. इन्स्पेक्शन टेबलवरच्या ताई हव्यात, कारण बाद माल सगळ्यात आधी त्यांच्या हातात येतो. आणि कंत्राटी कामगार हवेतच. आज बऱ्याच शॉपमध्ये निम्म्याहून जास्त हात त्यांचे असतात. एचआर इथे अडतं. कंत्राटी कामगाराला कंपनीने थेट सूचना दिल्या तर तो कंपनीचाच कामगार ठरेल, अशी त्यांना धास्ती असते. ही शंका लेबर कन्सल्टंटशी बोलून, कंत्राटदाराच्या लेखी संमतीने आणि बैठकीच्या वेळेचे पैसे त्याच्या बिलात धरून आधीच मिटवा. त्यांना बाहेर ठेवून केलेलं सर्कल अर्ध्या शॉपचंच असतं.

५. अधिकारांचा तक्ता लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा आणि गटासोबत बसून भरा. क्वालिटी, मेंटेनन्स आणि सेफ्टीचा एकेक माणूस समोर हवा. आमच्याकडे बसलेला तक्ता साधारण असा होता.

न विचारता करा: सलग दोन पार्ट मापाबाहेर गेले तर मशिन थांबवणं. गेजबद्दल (माप तपासायच्या साधनाबद्दल) शंका आली तर तो लाल ट्रेमध्ये ठेवून दुसरा मागणं. ठरलेल्या संख्येइतके पार्ट झाले की इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) बदलणं. ठरलेल्या मर्यादेत ऑफसेट देणं, म्हणजे मशिनमधलं टूलचं माप किंचित दुरुस्त करणं. चहाला कोण आधी जाणार, आठवड्यात कोण कोणत्या मशिनवर, हे गटातच ठरवणं.

करा आणि सांगा: रॅकची, ट्रॉलीची, टूल बोर्डाची जागा बदलणं. महिन्याच्या रकमेतून खरेदी. नव्या मुलाला कोण शिकवणार ते ठरवणं.

विचारून करा: फीड, स्पीड, प्रोग्रॅममधला बदल. फिक्स्चरमधला बदल. कूलंट बदलणं. कामाचा क्रम बदलणं.

कधीच नाही: मशिनचा गार्ड काढणं, इंटरलॉक (गार्ड उघडा असताना मशिन चालू न देणारी सोय) बायपास करणं, ड्रॉइंगमधल्या मापाला हात लावणं.

शेवटच्या रकान्याबद्दल कोणतीही तडजोड नको. प्रेस शॉपमध्ये दोन हातांचं बटण एका हाताचं करून ‘सायकल टाइम वाचवला’ असं मोठ्या उत्साहाने दाखवणारे असतात. अशी सूचना आली तर त्याच बैठकीत, त्या माणसाचा अपमान न करता, का चालणार नाही ते सांगा.

तक्ता भरताना ‘परिस्थितीनुसार’, ‘आवश्यकता भासल्यास’ असले शब्द खोडा. ‘गुणवत्तेत अडचण वाटल्यास मशिन थांबवावं’ असं लिहिलं तर कोणीही थांबवणार नाही, कारण अडचण खरी होती की नाही हे नंतर साहेब ठरवणार. ‘सलग दोन पार्ट’ लिहिलं की वादाला जागा उरत नाही.

थांबवण्याच्या अधिकाराला एक जोड लागते. थांबवल्यावर कोणीतरी आलं पाहिजे. टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर कामगाराने दोरी ओढली की आधी दिवा लागतो आणि टीम लीडर तिथे पोहोचतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत जाईपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. आपल्याकडे दिवा बसवला जातो, येणारा माणूस मात्र नेमला जात नाही. ऑपरेटर दिवा लावून उभा राहतो, वीस मिनिटांनी कोणीतरी येतं आणि पहिलं वाक्य असतं, “का थांबवलंस?” म्हणून तक्त्याखाली लिहा: कोण येणार, किती मिनिटांत, तो नसेल तर कोण. आणि येणाऱ्याने पहिला प्रश्न “काय झालं?” असा विचारायचा, हेही शिकवा.

तक्त्यावर प्लांट हेडची सही घ्या, लॅमिनेट करा आणि मशिनजवळ लावा. ऑफिसातल्या फाइलमधल्या तक्त्याचा काही उपयोग नाही.

६. पहिला विषय कसा निवडायचा

पहिल्या बैठकीत फक्त त्रास विचारा. उपाय नको. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या. लिहायचा संकोच असेल तर शेजारी बसून तुम्ही लिहा. मग यादीतून असा विषय घ्या जो गटाच्या हातात आहे, दोन-तीन महिन्यांत संपेल आणि ज्याचा आकडा मोजता येतो. कँटीनची पोळी आणि टॉयलेटची कडी हे विषय नक्की येतील. ते हसण्यावारी नेऊ नका. लगेच ॲडमिनकडून सोडवून घ्या. तेवढ्यानेच निम्मा विश्वास बसतो.

७. कारण शोधताना माणसावर थांबू नका

फोरमच्या प्रशिक्षणात प्रश्न सोडवण्याच्या बारा पायऱ्या शिकवतात: अडचणी ओळखण्यापासून मूळ कारण, उपाय, संभाव्य विरोध, चाचणी, अंमल आणि पाठपुरावा इथपर्यंत. सोबत पॅरेटो (कोणती अडचण सगळ्यात मोठी ते दाखवणारा आलेख), फिशबोन (माशाच्या काट्यासारखी कारणं मांडणारी आकृती), चेकशीट (नोंदीचा तक्ता) ही साधनं येतात. ती शिकून घ्या, मी इथे उगाळत नाही. त्यांचा खरा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणातून सांगतो.

गिअर ब्लँकवर (दाते पाडायच्या आधीच्या गिअरवर) डेंट येत होते. ग्राहकाच्या तक्रारीवर कारण आणि उपाय कळवायला पाठवलेल्या प्रत्येक ८डी रिपोर्टमध्ये कारण एकच: हाताळणीत निष्काळजीपणा, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. गटाने पार्टचं मोठं चित्र काढून इन्स्पेक्शन टेबलवर ठेवलं. डेंट सापडला की चित्रावर त्याच जागी ठिपका, आणि शिफ्टप्रमाणे पेनाचा रंग वेगळा. काही दिवसांत कागद बघूनच कळायला लागलं. ठिपके जवळजवळ सगळे वरच्या कडेवर होते आणि त्यांत तिसऱ्या शिफ्टचा हिरवा रंग जास्त होता.

दिवसाच्या बैठकीत मत पडलं की रात्रीची पोरं पेंगतात. तेव्हा लीडर म्हणाला, जाऊन बघू. रात्री हेल्परने जे सांगितलं ते असं: “साहेब, रात्री ट्रॉली एकच राहते. दुसरी मेंटेनन्सवाले नेतात. मग क्रेटवर क्रेट चढवायला लागतो.” क्रेटमधला सेपरेटर पार्टपेक्षा बोटभर आखूड होता. वरच्या क्रेटचा तळ थेट खालच्या पार्टच्या कडेवर बसत होता. जुन्या कन्व्हेअर पट्ट्यातून टूल रूमने उंच सेपरेटर कापून दिले आणि ट्रॉलीवर सेलचं नाव रंगवलं. त्यानंतर तो हेल्पर, जो आधी गटात नव्हता, बैठकीला यायला लागला.

फिशबोनमध्ये ‘माणूस’ या काट्यावर सगळ्यात जास्त कारणं जमली असतील तर समजा की अजून कोणी जागेवर गेलेलं नाही.

८. प्रत्येक सूचनेला तारखेसह उत्तर

कुलूपबंद सूचना पेटी शक्यतो नको. असलीच तर चावी दोघांकडे, एक कामगारांकडे, आणि उघडायचा वार ठरलेला. त्याऐवजी फळा चांगला. सूचना, नाव, मिळाल्याची तारीख, उत्तर कोण देणार, उत्तर. सात दिवसांत या तिन्हींपैकी एक उत्तर गेलंच पाहिजे: ‘करतो, अमुक तारखेपर्यंत’; ‘करत नाही, अमुक कारणाने’; किंवा ‘आणखी माहिती हवी, अमुक माणूस येऊन भेटेल’.

‘नाही’ म्हणायला घाबरू नका. कारणासह आलेला नकार कामगार मान्य करतो. त्याला चीड येते ती ‘बघू’ची. आणि नकार कळवायला सूचना देणाऱ्याच्या मशिनपाशी स्वतः जा.

९. बदल झाला की कागद बदला

ऑटो क्षेत्रात हा सापळा मोठा आहे. गटाने चांगली पद्धत शोधली, सुरू केली, पण कंट्रोल प्लॅन (काय, कसं, किती वेळा तपासायचं त्याचा कागद) आणि वर्क इन्स्ट्रक्शन (कामाच्या लेखी सूचना) जुनीच राहिली. ऑडिटर येतो, फरक दाखवतो, आणि बोल गटाला बसतो. माणूस, मशिन, माल, पद्धत यांत काहीही बदललं तर ४एम फॉर्म भरा. ग्राहकाची मंजुरी लागते का ते क्वालिटीकडून लेखी घ्या. हे काम को-ऑर्डिनेटरचं, ऑपरेटरचं नाही.

१०. बक्षीस आणि स्पर्धा

रोख बक्षीस छोटं आणि सगळ्या गटाला सारखं ठेवा. मोठी रक्कम एकाला दिली की पुढच्या वेळी कल्पना लपवल्या जातात. प्लांट हेडने लाइनवर येऊन, ज्याने काम केलं त्याच्याच तोंडून ते समजून घेणं, हे मी सगळ्यात परिणामकारक पाहिलं आहे.

फोरमच्या चॅप्टरच्या (स्थानिक शाखेच्या) आणि राष्ट्रीय अधिवेशनांत गट पाठवा. दुसऱ्या कारखान्यांची कामं बघून माणसं नवीन काहीतरी घेऊन येतात. मात्र सादरीकरण गटानेच करायचं. इंजिनीअरने रात्री जागून पीपीटी बनवायची आणि ऑपरेटरने ती पाठ करायची, हा प्रकार सर्रास चालतो. परीक्षकाने दुसरा प्रश्न विचारला की सगळं उघड होतं, आणि मान खाली जाते ती त्या ऑपरेटरची. मराठीत बोलायला संकोच नको, हे आधीच सांगून ठेवा.

११. दुसरं सर्कल कधी

पहिल्या गटाने एक विषय पूर्ण केला आणि दुसरा आपणहून निवडला की. त्याआधी आकडा वाढवायचा दबाव येईल, ‘वर्षअखेर दहा सर्कल’ असा. शक्य तितका रोखून धरा. नव्या गटाला जुन्या गटातला एक जण पहिले काही आठवडे सोबत द्या.

अधिकारांचा तक्ता दर सहा महिन्यांनी पुन्हा उघडा. त्या बैठकीत गटाला दोनच गोष्टी विचारा: यातला कोणता अधिकार तुम्ही एकदाही वापरला नाही, आणि का? ‘विचारून करा’ मधली कोणती गोष्ट आता ‘न विचारता’मध्ये आणायची? पहिल्या प्रश्नाला लोक सगळ्यांसमोर बोलणार नाहीत. त्यासाठी दुसऱ्या दिवशी एकेकाच्या मशिनपाशी जा.